नातेवाईकांच्या खोलीतले दोन पट्टे

खोलीला कुलूप लागून बेचाळीस दिवस झाले होते. कारण काय, तर भिंतीचा रंग ठरत नव्हता.

ही खोली आमच्या अतिदक्षता विभागाच्या बाहेर, लिफ्टच्या पलीकडे आहे. दारावर 'नातेवाईक कक्ष' अशी पाटी असली तरी आम्ही सगळे तिला बसायची खोली म्हणतो. सहा खुर्च्या, एक टेबल, एक कपाट, पाण्याचा जग, एक खिडकी आणि नीट लागणारं दार. विभागातला माणूस गेला, किंवा जाणार हे नक्की झालं, की त्याच्या माणसांना तिथे न्यायचं, बसवायचं, दार लावायचं आणि मग सांगायचं. एकोणतीस वर्षं मी हे काम करते आहे, त्यातली अकरा इन्चार्ज सिस्टर म्हणून. या काळात औषधं बदलली, यंत्रं बदलली, डॉक्टर तर दर सहा महिन्यांनी बदलतात. पण ही बातमी सांगायला दार लागतं, यात काही फरक पडलेला नाही.

जुना रंग वाईट होता हे मला मान्य आहे. हिरवट ऑइलपेंट, त्यावर खुर्च्यांच्या उंचीवर माणसांनी डोकी टेकून टेकून पडलेले तेलकट डाग. खोली रंगवायला माझी ना नव्हती. उलट गेली तीन वर्षं मीच अर्ज करत होते. पण आमचे अधीक्षक, म्हणजे साहेब, कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. रंगांचा मनावर काय परिणाम होतो हे तिथे त्यांना कोणीतरी दोन दिवस समजावलं, आणि आल्या आल्या त्यांनी रंग समिती नेमली. एका खोलीसाठी नऊ माणसांची समिती!

समितीने शेडकार्ड मागवलं आणि दोन रंग निवडले. एकाचं नाव पहाटधुकं, दुसऱ्याचं ओला दगड. दोन्ही करडे. एक म्हणे किंचित निळ्याकडे झुकणारा, दुसरा किंचित मातीकडे. कार्डावर दोघांच्या मध्ये बोट ठेवलं तरच फरक कळायचा, बोट काढलं की दोघं भाऊ-भाऊ. शोकाच्या खोलीला दगड म्हणणं बरं दिसत नाही, असं कोणाला तरी वाटलं, म्हणून परिपत्रकात त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणायचं ठरलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन पट्टे मारून घेतले, प्रत्येकी दोन हात रुंद. पट्ट्यांना कोणाचा हात लागू नये म्हणून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली तळमजल्यावर भांडारात ठेवली. दर मंगळवारी अकरा ते बारा कर्मचाऱ्यांनी येऊन पट्टे बघायचे आणि वहीत अभिप्राय लिहायचा.

ती वही मी वाचली आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी लिहिलं होतं, 'ब मुळे भूक मंदावते.' समुपदेशकांनी लिहिलं होतं, 'अ मध्ये आशा आहे, परंतु ब दुःखाला जागा देतो.' लेखा विभागाच्या एकाने चक्क अर्धं पान खर्ची घातलं होतं आणि शेवटी 'तरीही समिती ठरवेल ते मान्य' अशी शेपूट घातली होती. मी लिहिलं, 'कोणताही द्या, पण दार उघडा.' खोटं कशाला बोलू, मलाही ब जरा मळकट वाटला होता. पण ते मी लिहिलं नाही.

या बेचाळीस दिवसांत आम्ही माणसं गेल्याचं कुठे सांगत होतो? लिफ्टसमोरच्या बाकाजवळ, येत्याजात्या रस्त्यात. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांची बायको गेल्याचं सांगितलं. ते भिंतीला हात टेकून उभे होते, तेवढ्यात लिफ्ट आली, दार उघडलं आणि आतल्या माणसाने त्यांना विचारलं, "आजोबा, वर जायचंय की खाली?" त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत! पण आजोबांनी त्या प्रश्नाचा खरंच विचार केला. मग म्हणाले, "माहीत नाही."

मी त्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"साहेब, ती खोली उघडा. रंग नंतर द्या."

"सिस्टर, तुमच्या भावना मी समजतो," साहेब म्हणाले. त्यांना सगळ्यांच्या भावना समजतात, हा त्यांचा मोठाच गुण आहे. "पण एकदा वापर सुरू झाला की रंगकाम राहून जातं. आणि पट्ट्यांवर डाग पडले तर तुलना कशी करणार?"

"पडू देत की डाग!"

"हे बघा, आपण हे त्यांच्यासाठीच करतोय ना?"

'त्यांच्यासाठीच' म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांची तोंडं बंद होतात. माझं झालं नाही, पण मला बाहेर जायला सांगण्यात आलं. त्यानंतर मी चार अर्ज दिले. चारही समितीसमोर ठेवले गेले, आणि समितीची बैठक काही होईना. कधी कोरम नाही, कधी साहेब दौऱ्यावर. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

मग एका सोमवारी दुपारी रंगारीकाका भेटले. पट्टे त्यांनीच मारले होते. साठीचा सडपातळ माणूस, नखांच्या कडांना कायमचा पांढरा रंग. आमच्या जिन्याच्या कठड्याला पॉलिश करत होते. मी म्हटलं, "काका, अहो, तुमच्या त्या दोन पट्ट्यांनी आमच्या तोंडाला फेस आणलाय."

काकांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. इकडेतिकडे बघितलं.

"सिस्टर, कोणाला बोलू नका. ते दोन नाहीयेत."

"म्हणजे?"

"एकाच डब्यातले आहेत. साहेबांना बारा वाजता दोन पट्टे तयार हवे होते. दुकानातून एकच डबा आला. दुसरा संध्याकाळी येतो म्हणाले. आता साहेब दारात उभे, मी काय करू? म्हटलं, तूर्तास यातलाच मारून ठेवतो, संध्याकाळी डबा आला की वरून दुसरा हात मारीन. डबा घेऊन येतो तर दाराला कुलूप! किल्ली मागायला गेलो, तर भांडारवाला म्हणाला, आता पट्ट्यांना हात लावायला समितीची परवानगी लागेल."

"आणि फरक दिसतो तो?"

"एक खिडकीच्या उजेडात आहे, दुसरा कपाटाच्या सावलीत. दिसणारच."

मला हसावं की रडावं ते कळेना. दोन्ही जमलं नाही, म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसले. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे, इथे तर उंदीरसुद्धा नव्हता. आशा, भूक, दुःखाला जागा, सगळं एकाच डब्यातून आलं होतं.

"सिस्टर, तुम्ही सांगा साहेबांना," काका म्हणाले. "मी सांगितलं तर माझं काम जाईल. तुम्ही सांगितलं तर लाजेने तरी कुलूप काढतील. मी दोन दिवसांत खोली करून देतो, कुठलाही रंग सांगू देत."

"सांगते," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही.

हे मी आता स्वच्छ सांगते, कारण ही गोष्ट सांगायची तर हे गाळून चालणार नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आमच्या यांना सगळं सांगितलं. हे बसडेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत, आणि साहेब लोकांच्या फजितीसारखी दुसरी करमणूक यांना नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मग उद्याच जाऊन सांग की."

"उद्या केबिनमध्ये सांगितलं तर ते केबिनमध्येच जिरवतील. गुरुवारी बैठक आहे. सगळ्या नऊ जणांसमोर सांगते. वही उघडून एकेकाचा अभिप्राय वाचते आणि मग सांगते."

"म्हणजे तुला दार उघडायचंय की साहेबांचं नाक कापायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले. "तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

हे गप्प बसले. गप्प बसतात तेव्हा यांचं म्हणणं बरोबर असतं, हे मला तीस वर्षांत कळलेलं आहे. पण मी त्या वेळी मनातल्या मनात भाषण रचत होते. दुसऱ्या दिवशी केस विंचरताना आरशासमोर म्हणूनही पाहिलं. 'साहेब, आपण गेले दीड महिना एका रंगाची त्याच रंगाशी तुलना करतोय.' छान जमलं होतं. मला माझाच आवाज आवडला.

गुरुवारची बैठक पुढच्या गुरुवारवर गेली. साहेबांच्या मेहुण्याच्या घरी काहीतरी कार्य होतं. मी चडफडले, पण सांगितलं तेव्हाही नाही. एवढं थांबले, आता आठवडाभर काय! हातातला हुकमाचा पत्ता असा मधेच टाकवत नाही.

त्याच आठवड्यात, म्हणजे काकांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चार नंबरच्या खाटेवर एक वायरमन आला. शिडीवरून पडला होता, डोक्याला मार. वय बेचाळीस. त्याची बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. ठेंगणी, हाताला चटक्यांचे जुने डाग, बोलणं मोजकं. ती लिफ्टसमोरच्या बाकावर बसली ती बसलीच. रात्री दीर यायचा, तेव्हा घरी जाऊन मुलीला बघून सकाळी परत. बसल्या बसल्या तिचे हात थांबत नसत. कोणी बाकावर विसरलेली चादर असो की स्वतःचा पदर, ती घडी घालायची. कडेला कड जुळवून, वरून तळहात फिरवून.

पाचव्या दिवशी तिने मला विचारलं, "सिस्टर, त्या खोलीत जरा पाठ टेकता येईल का? या बाकाला टेकायला काही नाही."

"बंद आहे हो ती. रंगकाम चाललंय."

"आवाज तर येत नाही काही."

"ठरतंय अजून," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मला तिच्याकडे बघवेना, आणि मग मला साहेबांचा इतका राग आला की औषधांच्या ट्रॉलीला मी लाथच मारली. सगळा राग साहेबांच्या नावावर लिहिला आणि मोकळी झाले.

सातव्या दिवशी वायरमनच्या मेंदूची सूज वाढली. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की आता फार नाही. ही डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, कामाला चोख. मी तिला म्हटलं, "एक ऐका माझं. चार नंबरच्या बाईंना लिफ्टजवळ सांगायचं नाही. वेळ आली की मला आधी सांगा. मी किल्ली आणते, खोली उघडते, मग सांगू."

"किल्ली देतील?"

"न देऊन जातील कुठे!"

डॉक्टर म्हणाली, "ठीक आहे, सिस्टर. तुम्ही म्हणाल तसं."

बुधवारी दुपारी चार वाजता तो गेला. बैठक दुसऱ्या दिवशी होती. डॉक्टरने पडदा ओढला, मला नजरेने खुणावलं, आणि मी जिन्याने तळमजल्याला धावले. चोपन्नव्या वर्षी, ढोपरं कुरकुरत, चार मजले.

भांडारातला कारकून चहा पीत होता. "आज बुधवार," तो म्हणाला. "बघायचा वार मंगळवार."

"मला पट्टे बघायचे नाहीत. खोली हवी आहे. माणूस गेलाय."

"साहेबांची सही आणा. मला काय, मी लगेच देतो."

"साहेब कुठे आहेत?"

"येतीलच. निघालेत म्हणे."

"अहो, तिथे बाई बाहेर बसली आहे!"

"सिस्टर, माझ्यावर कशाला चिडता? उद्या पट्ट्यांवर ओरखडा निघाला तर मला विचारतील."

त्यावर मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. त्याच्या सात पिढ्यांचा रंग काढला. शेवटी टेबलाला वळसा घालून भिंतीवरच्या खुंटीवरून किल्ली ओढली आणि निघाले. तो मागून ओरडत होता, वहीत सही तरी करा. या सगळ्यात बारा मिनिटं गेली. नंतर मी घड्याळाचा हिशेब लावून पाहिला आहे, म्हणून माहीत.

वर पोचले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरचा दोष नाही, मी तिला एका शब्दाने बोलले नाही. बाईने काचेतून पडदा ओढलेला पाहिला होता. ती उठून दाराशी आली आणि तिने सरळ विचारलं, गेले का? असं विचारल्यावर कोण काय थांबवणार? डॉक्टरने तिचा हात धरला आणि हो म्हणाली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते तेव्हा ते चाललं होतं. मला बाईची पाठ दिसत होती. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि मळक्या चादरींची ट्रॉली बाहेर आली. ढकलणाऱ्याला चादरींच्या ढिगामागून पुढचं दिसत नव्हतं.

"बाजूला व्हा, बाई, बाजूला व्हा," तो म्हणाला.

आणि ती बाजूला झाली. भिंतीला पाठ लावून, पाय जवळ घेऊन, ट्रॉली नीट जाईल एवढी जागा करून दिली.

मी दार उघडलं. डॉक्टरने तिला आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तेवढ्यात आतून दुसऱ्या खाटेचा अलार्म वाजला आणि डॉक्टरला जावं लागलं. मी दार लावलं. खोलीत कोंदट वास होता, बेचाळीस दिवसांचा. बाई पाणी प्यायली नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून समोर बघत बसली. समोर भिंतीवर ते दोन पट्टे होते, त्यांच्याखाली कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. अ. ब.

मी बाजूला बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. या खोलीत बोलायचं नसतं, समोरचा बोलेपर्यंत थांबायचं असतं, हे मी नव्या मुलींना शिकवते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "इथे तर काहीच काम झालेलं नाही."

"नाही."

"मग बंद का होती?"

मी सांगायला सुरुवात केली, तीच नेहमीची. साहेबांची समिती, वही, मंगळवार. माझा आवाज चढायला लागला होता. सहा आठवडे हे मी इतक्यांदा सांगितलं होतं, की शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहत. तिने ते सगळं ऐकून घेतलं. डोळे भिंतीवरच.

"या दोन्हींतला कुठला घ्यायचा, म्हणून?"

"हो."

"मला तर सारखेच दिसतात," ती म्हणाली.

"सारखेच आहेत. एकाच डब्यातले आहेत. चुकून झालं ते."

हे बोलून मला क्षणभर बरंही वाटलं, लाज वाटते सांगायला. कोणीतरी माझ्याबरोबर चिडेल असं वाटलं. तिने पहिल्यांदाच मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणाला माहीत आहे हे?"

"रंगाऱ्याला."

"आणि तुम्हाला."

"हो."

"साहेबांना सांगितलं असतं तर उघडली असती?"

खोटं बोलता आलं असतं. 'सांगून उपयोग नव्हता' एवढं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं, त्या वेळी तिने काहीही मानलं असतं.

"उघडली असती," मी म्हणाले. "उद्याच्या बैठकीत सांगणार होते. सगळ्यांसमोर."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात. सोमवारी."

तिने ग्लास टेबलावर ठेवला. ओठ हलले, ती काहीतरी मोजत होती.

"आम्ही मंगळवारी आलो," ती म्हणाली.

मग तिने माझा हात खांद्यावरून काढला. झटकला नाही, उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "आणि दार लावून घ्या. मला रडायचंय."

मी बाहेर आले आणि दार लावलं. कारकून धापा टाकत जिना चढून आला होता, हातात ती वही. "सिस्टर, पट्ट्यांना कोणी हात नाही ना लावला? साहेब आलेत खाली. फार चिडलेत." मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. आतून आवाज येऊ लागला होता, दाराआडून दबका, आणि मला ओरडता येईना. ते सगळं ज्या सिस्टरला ऐकवायला हवं होतं, ती दाराला पाठ लावून, किल्ली मुठीत धरून उभी होती.